बोटीचा डावा पाय

नातवाचं जावळ काढायला मोटरबोट लागते असं यवतमाळात कुणी सांगितलं, तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेईल. पण वामनराव गावंडे यांना ती लागली. का लागली हे ऐकून घेतलंत तर तुम्हीही म्हणाल, की इथपर्यंत तरी माणसाचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढं. आणि जिथं आपण चुकूच शकत नाही अशी त्यांची खात्री होती, नेमकं तिथंच चुकलं.

गावंड्यांच्या घरात मूल कुठंही जन्मो, त्याचं जावळ निघतं ते बाभुळगावकडच्या टेकडीवरच्या भवानीसमोर. मामाच्या मांडीवर बसायचं, न्हाव्यानं पहिली बट कापायची, मग वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. वामनरावांचं स्वतःचं जावळ निघालं तेव्हा लोक टेकडीच्या पायथ्याशी बैलगाडीतून उतरून चालत वर गेले होते. पुढं धरण झालं, पाणी चढलं आणि टेकडी चारी बाजूंनी पाण्यात उभी राहिली. सरकारनं गावं हलवली, शाळा हलवली, पोस्ट हलवलं. भवानीला हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी गावंड्यांनी हलवू दिलं नसतं.

आता या जावळाला वर्ष विषम लागतं. नातवाचं, म्हणजे कपिलचं, पहिलं वर्ष दातांच्या तापात गेलं. तिसरं दिवाळीनंतर संपत होतं. पोराचे केस कमरेला टेकले होते. पुण्याच्या शाळेत बाईंनी त्याला मुलींच्या नाचात उभं केलं होतं, आणि त्याला तो नाच आवडलाही होता. सून प्रेरणानं फोनवर अगदी शांतपणे सांगितलं, "बाबा, या दिवाळीत झालं तर देवीसमोर. नाहीतर इथं सलूनमध्ये. पाचव्या वर्षापर्यंत मी हा गुंता सोडवत बसणार नाही. आणि माझं लेकरू डोंग्यातून जाणार नाही."

डोंगा म्हणजे मासेमारांची पत्र्याची होडी. तिच्यात एक जण वल्हवतो आणि बाकीचे देवाचं नाव घेतात. गावंड्यांचे पाहुणे धरण झाल्यापासून डोंग्यानंच टेकडीवर जात होते, कुणी बुडालं नव्हतं. पण प्रेरणानं त्याचा व्हिडिओ पाहिला होता.

"सूनबाई," वामनराव म्हणाले, "माहा नातू मोटरबोटीनं जाईन."

फोन ठेवला तशा स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी विमलताई म्हणाल्या, "कायले बोट पायजे? अन् तुमच्यानं होत बी नाई ते."

झालं. निर्णय पक्का झाला.

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, खाडी नाही, तरी मोटरबोट होती, आणि ती लालसिंग राठोडच्या वावरात होती. लालसिंगचा बंजारा तांडा धरणाच्या काठाला. वामनराव वीज खात्यात कनिष्ठ अभियंता होते तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. ही बोट कुठल्याशा पर्यटन समितीनं 'जवळजवळ नवी' म्हणून कोकणातून आणली होती. फीत कापली, फोटो निघाले, पाहुण्यांना दोन फेऱ्या मारून आणलं, आणि मग ती काठावर जी पडली ती पडलीच. भंगारात निघाली तेव्हा लालसिंगनं घेतली, कारण तिला छत होतं आणि छताखाली सोयाबीनची पोती कोरडी राहत होती. वामनराव पाहायला गेले तेव्हा पोत्यांवर एक मांजर व्यालेली होती. मांजरीनं या कामाला पहिला विरोध नोंदवला.

बोटीची इंजिनं दोन, दोन्ही पोटात, आणि ती बरी होती. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या जीपवाल्या मिस्त्रीनं दुपारभरात ती सुरूही करून दिली. घोटाळा मागं होता. अशा बोटीला मागच्या फळीतून बाहेर दोन धातूचे पाय सोडलेले असतात. पाय पाण्यात बुडतात, त्यांच्या टोकाला पंखे असतात, पंखे फिरले की बोट पुढं जाते. इंग्रजीत त्यांना स्टर्न ड्राइव्ह म्हणतात. वामनरावांनी पहिल्या दिवशी तसं म्हटलं, पण तांड्यात कुणाला ते जमेना, तेव्हा पायच म्हणायचं ठरलं. तर हे दोन्ही पाय समुद्राच्या मिठानं खाल्ले होते. वर पांढरी भुकटी, खाली भोकं, आणि उजव्या पायात हाताचं बोट घातलं तर ते आरपार निघत होतं.

"पाहा साहेब," लालसिंग म्हणाला, "आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाहून पोट भरलं. अन् माह्या वाट्याले मिठानं खाल्लेली बोट आली."

पाय बदलायचे ठरले, आणि ही बातमी कॉलनीत कशी पसरली देव जाणे. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक संध्याकाळी येऊन वस्तू पाण्यावर का तरंगते हे समजावून गेले. बोट तरंगत होतीच, अडचण ती चालत नव्हती ही होती, पण गुरुजींना मधे थांबवायची सोय नव्हती. शेजारच्या शीलाकाकूंनी गंजावर लिंबू आणि खायचा सोडा सांगितला. वरच्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, "कळंबले चिंतामणीपाशी काहून नाई करत जावळ? एसटी थेट जाते." यावर वामनरावांनी जी नजर टाकली तिचा अर्थ असा होता, की तुमच्या कुळाचाराचं तुम्ही पाहा.

मग परवानगी. धरणाच्या कचेरीत साहेब म्हणाले, पाणी आमचं आहे, बोट आमची नाही, मासेवाल्यांच्या कचेरीत जा. तिथं विचारलं, बोट मासे धरते का. नाही म्हटल्यावर तेही म्हणाले, मग आमची नाही. वाहनांच्या कचेरीत एकानं मान वर न करता विचारलं, "चाकं किती?"

"चाकं नाहीत. बोट हाये."

"आली कशावर मग?"

"ट्रॉलीवर."

"ट्रॉलीचे कागद आणले काय?"

वामनराव स्वतः सरकारी नोकरीत केस पांढरे केलेला माणूस. टेबलाच्या त्या बाजूला बसून त्यांनीही लोकांना या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं होतं, पण ते किती लागतं हे त्यांना आता कळत होतं. शेवटी ते फिरून धरणाच्या कचेरीत आले तेव्हा एका दयाळू बाबूनं सांगितलं, देवाचं काम आहे, एक दिवस करून घ्या, पण आम्ही पाहिलं नाही असं समजा. ही परवानगी होती की मनाई होती, यावर वामनराव आणि लालसिंग यांचा परतीच्या वाटेवर बाभुळगाव येईपर्यंत वाद चालला.

नवे पाय म्हणजे खरं तर जुनेच, पण गोड्या पाण्यात वापरलेले. कोकणच्या किनाऱ्याकडचा एक सुटे भाग विकणारा फोनवर सापडला, त्यानं जोडी पाठवली. यवतमाळच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालांनी ते शेतीचे पंप समजून फवारणीच्या औषधाच्या खोक्यांशेजारी रचून ठेवले, आणि वामनराव रोज जाऊन आपला माल आला नाही म्हणून भांडून येत. शेवटी भांडताना ते ज्या वस्तूवर बसले होते तीच त्यांची निघाली.

जुने पाय मात्र सुटेनात. नट गंजून एकजीव झालेले. डिझेल ओतलं, हातोडा घातला, शीलाकाकूंचं लिंबूही पिळून पाहिलं. मग लालसिंगनं आपल्या पद्धतीनं विचार केला. बोट कडुनिंबाला बांधली, पायाला साखळी लावली आणि साखळीचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. पहिल्या ओढीला काहीच झालं नाही. दुसऱ्या ओढीला पाय असा सुटला, की तो कुठं गेला हे कुणाला दिसलंच नाही. कडब्याच्या गंजीत शोधून काढावा लागला. डाव्या पायाच्या वेळी लालसिंगच्या बायकोनं, लालीबाईनं, शेळ्या आधीच दुसऱ्या बाजूला नेऊन बांधल्या.

नवे पाय बसले. छान बसले. इथं खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती.

पण वामनराव पद्धतशीर माणूस. पाण्यात नेण्याआधी कोरड्यात चाचणी घ्यायची त्यांनी ठरवलं. बोट ट्रॉलीवर उभी केली. इंजिनं थंड राहावीत म्हणून लालीबाईनं मिरचीच्या वाफ्याचे पाइप आणून दिले, ते दोन्ही पायांना जोडले. लालसिंगनं दोन्ही इंजिनं सुरू केली आणि स्टिअरिंगजवळचे गिअरचे दोन्ही दांडे पुढं ढकलले. पंखे फिरायला लागले. तांड्यातली माणसं लांबून पाहत होती. लालसिंगची म्हातारी आई, रुपीबाई, बाजेवर बसल्या बसल्या म्हणाली, "साहेब, डावी उलटी फिरून राह्यली."

खरंच, उजवा पंखा इकडून तिकडे आणि डावा तिकडून इकडे.

आता आपल्या भागात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की पाणी फेकत नाही, नुसती घुमते. मग वायरमन येतो, दोन वायरींची अदलाबदल करतो, मोटर सुलटी होते, पाणी येतं, वायरमन चहा पिऊन जातो. वामनरावांनी उभी नोकरी हेच केलं होतं. रस्त्यानं जाताना ते वावरातल्या मोटरीचा नुसता आवाज ऐकून सांगत, ही उलटी आहे म्हणून. त्यांच्या हातून इतक्या मोटरी सुलट्या झाल्या, की उलटं फिरणारं काही दिसलं की त्यांच्या बोटांना खाज सुटायची.

"त्या कोकणवाल्याले मोटरीतलं काही समजत नाई," ते म्हणाले. "एक उलटी जोडून धाडली."

इंजिनाच्या मागून एक तार पायाकडे जाते. दांडा ढकलला की ती तार पायातला गिअर टाकते. डाव्या तारेचं टोक वरच्या भोकात अडकवलेलं होतं आणि खाली तसंच एक भोक रिकामं होतं. ज्या माणसाचं आयुष्य दोन वायरींच्या अदलाबदलीत गेलं, त्याला रिकामं भोक दिसल्यावर तो काय करणार? त्यांनी टोक काढून खालच्या भोकात घातलं. पुन्हा इंजिनं सुरू केली. दोन्ही पंखे एकाच बाजूला, एका लयीत फिरायला लागले. तांड्यानं टाळ्या वाजवल्या. लालीबाईनं चहा केला. इतका गोड चहा वामनरावांना निवृत्तीनंतर प्रथमच लागला.

दिवाळीनंतर पुण्याहून मुलगा अक्षय, प्रेरणा आणि कपिल आले. जावळाच्या दिवशी सकाळीच पाहुणे डोंग्यानं पलीकडे गेले. त्यांच्यात प्रेरणाचा भाऊ, म्हणजे ज्याच्या मांडीवर बसायचं तो मामा होता, गोवऱ्या होत्या, वांगी होती, कणीक होती. थोड्याच वेळात टेकडीवरून रोडग्यांचा धूर दिसू लागला. इकडे ट्रॅक्टरनं बोट पाण्यात उतरवली. बोटीत वामनराव, विमलताई, अक्षय, प्रेरणा, लाल रंगाचं फुगीर जाकीट घातलेला कपिल, आणि पेटी मांडीवर घट्ट धरलेला न्हावी. स्टिअरिंगला लालसिंग. वामनरावांनी निवृत्तीच्या समारंभात मिळालेला फेटा बांधला होता आणि ते पुढं उभे होते. काठावर कॉलनीतले गुरुजी आणि बँकवालेसुद्धा आले होते.

बांबूनं लोटून बोट खोल पाण्यात आली. "चाल," वामनराव म्हणाले. लालसिंगनं दोन्ही दांडे पुढं ढकलले.

बोट फिरली. लालसिंगनं स्टिअरिंग वळवलं. बोट फिरतच राहिली. पुढं नाही, मागं नाही, जागच्या जागी. आधी टेकडी समोर आली, मग धरणाची भिंत, मग काठावरचे गुरुजी, मग पुन्हा टेकडी.

"लालसिंग, सरळ घे ना."

"घेऊन तं राह्यलो साहेब. तेच येऊन राह्यलं ना फिरून."

लालसिंगनं जोर वाढवला. गुरुजी आता लवकर लवकर येऊ लागले. ते हात हलवून काही सांगत होते, पण त्यांचं एक वाक्य पुरं व्हायच्या आत धरणाची भिंत येत होती. अक्षयनं बोटीच्या कडेला तोंड नेलं. न्हाव्यानं डोळे मिटले. कपिल तेवढा टाळ्या पिटत होता आणि "अजून" म्हणत होता.

लालसिंगनं दांडे मधे आणले. बोट थांबली, पण आत बसलेल्यांची डोकी थोडा वेळ फिरत राहिली. वामनरावांचा फेटा कानावर आला होता. खाली भोवरा असेल, असं लालसिंग म्हणाला. देवीचं काही राहिलं असेल, असं न्हावी डोळे न उघडता म्हणाला. वामनरावांना काहीच कळेना. दोन्ही पंखे सुलटे फिरत होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सुलटं फिरणारं यंत्र उलटं वागतं, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

त्यांनी कोकणवाल्याला फोन लावला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून अक्षयनं तो स्पीकरवर टाकला.

"अहो साहेब," तिकडून तो म्हणाला, "जोडीतला एक उलटाच फिरतो. पंख्यांची पातीपण तशीच वळवलेली असतात, एकाची इकडे, एकाची तिकडे. दोन्ही एकमेकांच्या उलट फिरतात तेव्हा दोन्ही पुढं ढकलतात. मी सगळं लावून पाठवलंय. तुम्ही काही हलवलं नाही ना?"

बोटीत सगळे वामनरावांकडे पाहत होते. लालसिंग तेवढा सौजन्यानं पाण्याकडे पाहत होता.

"नाही," वामनराव म्हणाले, आणि फोन बंद केला.

डावा पंखा बोटीला मागं ओढत होता, आणि तो त्यांच्याच हातानं मागं ओढायला लागला होता. उभ्या आयुष्यात माणसाला एकच गोष्ट नक्की येते असं वाटावं, आणि तीच नातवासमोर, सुनेसमोर, शिवाय काठावरच्या बँकवाल्यांसमोर अशी गरगर फिरावी. त्यांना फार लाज वाटली. तार पुन्हा वरच्या भोकात घालायची तर पाना हवा, आणि पाना ट्रॅक्टरच्या पेटीत राहिला होता.

प्रेरणानं घड्याळ पाहिलं. मुहूर्त बाराच्या आतला होता. "बाबा, रागावू नका," ती म्हणाली, "पण आता डोंगेवाल्याला हाक मारा आणि आम्हाला काठावर सोडा. मी याला पाण्यात असं फिरवत ठेवणार नाही. उद्या पुण्यात सलूनमध्ये नेते."

टेकडीवर धूर होता. मामा किनाऱ्यावर येऊन उभा होता. गावंड्यांच्या घरातलं जावळ सलूनमध्ये, आणि ते आपल्यामुळे.

इतका वेळ विमलताई पदर डोक्यावरून घट्ट धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लालसिंगभाऊ, तो डावा दांडा मांगं ओढा."

"मांगं? वहिनी, आपल्याले पुढं जायचं हाये ना."

"हाव. म्हणूनच. उजवा पुढं टाका, डावा मांगं. ओढा तं खरं."

लालसिंगनं वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी पाहिलं नाही. मग लालसिंगनं उजवा दांडा पुढं ढकलला आणि डावा मागं ओढला.

बोट सरळ निघाली. नाक टेकडीकडे, मागं पाण्याची दुहेरी रेघ. काठावर टाळ्या झाल्या. गुरुजींनी काहीतरी समजावून सांगितलं असावं.

"आई, तुम्हाला कसं कळलं हे?" प्रेरणानं विचारलं.

"त्यात काय कळाचं हाये?" विमलताई म्हणाल्या. "जो उलटा चालते त्याले उलटंच सांगा लागते, मंग तो बरोबर जाते. तुह्या सासऱ्याले मी लग्न झाल्यापासून असंच चालवून राह्यली."

लालसिंग इतका हसला की बोट जराशी वाकडी झाली. वामनरावही हसले, कारण सगळे हसत होते. पण टेकडी येईपर्यंत त्यांचं तोंड हळूहळू गंभीर होत गेलं. ते मागचं सगळं आठवत होते. लोहाऱ्याकडे घर बांधू नका म्हणाली होती, ते बांधलं. अक्षयला पुण्याला पाठवू नका म्हणाली होती, तो गेला. पुसदची बदली घ्याच म्हणाली होती, ती आपण हट्टानं नाकारली. प्रत्येक वेळी आपण आपल्या मनासारखं केलं असं त्यांना वाटत आलं होतं. आता कुठला निर्णय आपला होता, हेच त्यांना कळेनासं झालं.

जावळ मुहूर्तावर निघालं. कपिल मामाच्या मांडीवर भरपूर रडला, पण डोकं व्यवस्थित गुळगुळीत झालं. विमलताईंनी पदरानं ते पुसलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वामनरावांच्याही आलं. रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली. नातवाला मांडीवर घेऊन वामनरावांनी बरेच रोडगे खाल्ले आणि लालसिंगनं ते उगाच मोजले नाहीत.

ऊन कलायला लागलं तसं परत निघायचं झालं. बोटीत अक्षय, प्रेरणा आणि कपिल बसले. कपिलला तसंच फिरायचं होतं, त्याची समजूत काढणं चाललं होतं. विमलताई साडी जरा वर खोचून पाण्यात उतरल्या आणि बोटीकडे न जाता डोंग्यात जाऊन बसल्या. तिथून त्या म्हणाल्या, "तुम्ही बोटीतच बसा बरं. इकडं नका येऊ."

वामनराव दोहोंच्या मधे गुडघाभर पाण्यात उभे राहिले. बोटीतून लालसिंग हाक मारत होता. डोंग्यात विमलताई दुसरीकडे पाहत होत्या.

"हे सरळ सांगून राह्यली का उलटं?" त्यांनी विचारलं.

"तुमाले काय वाटते?"

आवाजावरून उलटी मोटर ओळखणाऱ्या माणसानं त्या आवाजाकडे नीट कान दिला. काही उमगलं नाही. शेवटी ते डोंग्याकडे वळले, कसेबसे चढले आणि विमलताईंच्या शेजारी बसले. विमलताई जराशा सरकल्या. जागा करायला सरकल्या की लांब व्हायला, तेही समजलं नाही. मग त्यांनी पायाशी पडलेला एक पत्र्याचा डबा उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

"घ्या. पाणी उपसू नका."

वामनरावांनी डब्याकडे पाहिलं, विमलताईंकडे पाहिलं, खाली पाहिलं. डोंग्यात पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. ते मुकाट्यानं उपसायला लागले.